मामांचा पारा

दुकानात आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. गिऱ्हाइकं मामाच म्हणायची, आणि त्यांच्याहून वयानं मोठे असलेले मालकही मामाच म्हणायचे. त्यामुळे पुढे जे झालं, त्यात त्यांना कुणी मामा बनवलं असं म्हणायची सोय राहिली नाही. ते काम आधीच होऊन गेलं होतं.

मी तेव्हा त्या दागिन्यांच्या दुकानात कॅशवर बसायचो. माझ्या काचेच्या खोक्यातून सगळं दुकान दिसायचं, आणि बघण्यासारखे होते ते मामाच. बाई दारात पायपुसण्यावर पाय पुसते ना पुसते, तोवर मामांनी तिच्या बोटाचं माप डोळ्यांनी घेतलेलं असायचं. अंगठी हातात द्यायच्या आधी ते ती अंगठ्यानं दोनदा पुसायचे, उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "घालून तर बघा, घ्यायची सक्ती नाही." त्या 'सक्ती नाही'वर आम्हां सगळ्यांचे पगार निघायचे. एका बाईंनी त्यांच्याकडून कानातल्यांचे एकवीस जोड काढून घेतले, एकही न घेता निघून गेल्या, आणि मामा त्यांच्यासाठी दार उघडून उभे राहिले. माणूस असा.

मामा काळे होते. आपल्या भाषेत असं सरळ म्हणायची पद्धत नाही. त्यासाठी सावळा, निमगोरा, गव्हाळ, उजळ, नाकीडोळी नीटस अशी सगळी सोय करून ठेवलेली आहे. मामांच्या लग्नाच्या वेळी मध्यस्थानं 'मुलगा तरतरीत आहे' एवढंच कळवलं होतं, आणि मुलीकडच्यांनी त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं. मामींचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं. त्या घरी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायच्या. कुणी नवऱ्याच्या रंगाचा विषय काढलाच तर म्हणायच्या, "कापड घेताना मी एकच बघते. यांचा रंग पक्का आहे."

मग मालकांनी दुकान नवीन केलं. सजावटीचा सल्ला द्यायला एक बाई आल्या. त्यांनी छत पांढरं केलं, भिंती पांढऱ्या केल्या, फरशी पांढरी केली आणि वरून असे दिवे लावले, की पहिल्या दिवशी मी नोटा मोजताना डोळे मिटून घेत होतो. सगळं झाल्यावर त्या दुकानाच्या मधोमध उभ्या राहिल्या, काउंटरवरच्या आम्हां माणसांकडे पाहिलं आणि मालकांना म्हणाल्या, "स्टाफ या लाइटला जात नाही."

दिवे बदलण्यापेक्षा स्टाफ बदलणं स्वस्त होतं. मालकांनी स्वतःच्या भाच्याला आणून पुढच्या काउंटरवर उभं केलं. भाचा पंचविशी ओलांडलेला, उंच आणि गोरापान. त्याला चौदा कॅरेट आणि बावीस कॅरेट यांतला फरक विचारला तर तो "आठ" म्हणायचा. अशा रीतीनं मालकांचा भाचा पुढे आला आणि सगळ्यांचा मामा मागे गेला. मागे म्हणजे जिन्याखाली, जिथं जुनं सोनं मोडीत घेतात त्या काउंटरवर. तिथं दिवा एकच, तोही पिवळा.

"मामा, तिथं तुमच्या अनुभवाची खरी गरज आहे," मालक म्हणाले.

मामा जिन्याखाली गेले. पण त्या आठवड्यात ते मिशीला कलप लावायला सलूनमध्ये गेले, आणि सगळी कथा तिथं सुरू झाली.

सलूनवाला बोलका माणूस होता. कलप लावता लावता तो म्हणाला, "मामा, तुम्हांला एक सांगू? जे पांढरं आहे ते तुम्ही काळं करून घेता, आणि जे काळं आहे ते तसंच ठेवता. निम्मंच काम झालं की."

मग त्यानं खणातून एक डबी काढली. सोनेरी झाकण, बाहेर खोका, खोक्यावर मोत्याचं चित्र आणि एका बाईचा चेहरा, अर्धा रात्रीसारखा, अर्धा दुधासारखा. सगळा मजकूर परक्या लिपीत. कोणत्या देशाची, ते सलूनवाल्यालाही ठाऊक नव्हतं.

"यात आहे काय?" मामांनी विचारलं.

"ते कळलं असतं तर इथंच बनवलं असतं की लोकांनी. न कळणारं असतं तोच माल असली."

खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, आत काय घातलंय त्याची यादी नव्हती. फक्त तळाला आपल्या भाषेत एक चिकटपट्टी होती: झोपताना लावावे, उन्हात जाऊ नये, सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये.

मामांचं सगळं आयुष्य दागिन्यांत गेलेलं. ते म्हणाले, "हे शेवटचं का म्हणून?"

सलूनवाला क्षणभरही अडखळला नाही. "चेहरा असा उजळतो मामा, की त्याच्यापुढे दागिने फिके दिसतात. मग गिऱ्हाईक दागिन्यात खोट काढतं. म्हणून आधीच सांगून ठेवलंय."

मामांनी ती डबी घेतली. दुसऱ्यांना वस्तू पटवून देण्यात ज्याचा हात धरणारं कुणी नाही, तो माणूस स्वतः इतक्या पटकन पटतो, हे मला तेव्हा कळलं असतं तर मीही चार वस्तू खपवल्या असत्या.

डबी त्यांनी घरी बाथरूममध्ये, बुटांच्या पॉलिशच्या खोक्यात ठेवली. पॉलिशला मामी हात लावत नसत. झोपण्याआधी आतून कडी लावायची, गालांना, कपाळाला, मानेला क्रीम चोळायचं, हात टॉवेलला पुसायचे आणि येऊन उशीवर डोकं टेकायचं. हात धुवावेत असं त्यांना वाटलं नाही. महागाची वस्तू, हातांनाही थोडा लाभ झाला तर काय बिघडलं.

आणि क्रीमनं काम केलं, हे कबूल करायला हवं. महिना उलटायच्या आत मामा सावळे झाले, मग निमगोरे. ओळखीची गिऱ्हाइकं थांबून विचारू लागली, "मामा, कुठं हवापालट करून आलात का?" मामींनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हल्ली जिन्याखाली असतो, ऊन लागत नाही." मामी म्हणाल्या, "आधी काय दुकानाच्या गच्चीवर बसायचात?" आणि त्यांनी विषय सोडून दिला.

मालक एकदा जिन्यावरून उतरताना थबकले, त्यांनी मामांचा चेहरा पांढऱ्या दिव्याखाली नेऊन पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून मामा पुन्हा पुढच्या काउंटरवर उभे राहिले. भाच्याच्या शेजारी.

पण जो माणूस पुढे आला तो आमचा मामा नव्हता. पहिल्याच आठवड्यात एक बाई सातवी साखळी गळ्यात घालून आरशात बघत होत्या. मामा म्हणाले, "बाई, मान एकच आहे ना तुमची?" मी खोक्यातून मान वर काढून पाहिलं, हे नक्की बोललं कोण. नंतर एका गृहस्थांना ते म्हणाले, "बायकोला विचारून या, किंवा बायकोलाच पाठवा." मालक आधी खूश झाले. त्यांना वाटलं, चेहरा उजळला तसा आत्मविश्वास आला. मग गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. दुकानात सगळे म्हणायला लागले, "मामांचा पारा हल्ली फार लवकर चढतो." ते किती खरं होतं, हे बोलणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

त्यातच त्यांचे हात थरथरायला लागले. कानातल्याचा बारीक स्क्रू त्यांच्या चिमट्यातून निसटायचा. मालकांनी दोष एसीला दिला. किल्ल्या कुठं ठेवल्या ते आठवेना, झोप लागेना, तोंडात सतत चमचा धरल्यासारखी चव. तेव्हा ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली. "टेन्शन. दुसरं काय. या वयात व्हायचंच. ताकदीच्या गोळ्या देतो." मग त्यांनी मामांचा चेहरा नीट न्याहाळला. "बाकी तब्येत उत्तम आहे तुमची. चेहऱ्यावर काय तेज आलंय." आणि कंपाउंडर बाहेर गेल्यावर हळूच, "लावता काय?"

मामांनी सलूनचा पत्ता दिला.

घरी मामींचं वेगळंच चाललं होतं. त्यांच्या चपला घट्ट झाल्या होत्या. शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला की सूज दिसायची, सकाळी डोळ्यांखाली पिशव्या यायच्या. त्याच डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला सांगितलं. मामींनी घरातलं सगळंच मीठ कमी केलं. त्यामुळे मामांचा पारा घरीही चढू लागला, आणि ते मशीनच्या आवाजावरून त्यांच्यावर ओरडले. ज्यांच्या तोंडून कधी चढा शब्द ऐकला नव्हता, त्यांचं ते ओरडणं ऐकून मामी मशीन थांबवून नुसत्या बघत राहिल्या. मग त्या उठल्या आणि त्यांनी मामांच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला. हल्ली तो फार मळकट दिसतो, असं त्यांना वाटायचं. राखाडी, चिकट. त्या तो रोज हातानं चोळून धुवायच्या.

नंतर अंगठीचं प्रकरण झालं.

साखरपुड्याची अंगठी होती. मुलगा, मुलगी, दोघांच्या आया. मामांनी सवयीप्रमाणे ती अंगठ्यानं नीट पुसून, मखमलीच्या डबीत ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी मुलाची आई ती डबी घेऊन दुकानात आली आणि काउंटरवर आपटून म्हणाली, "सोनं म्हणून चांदी विकता का?"

अंगठीच्या एका बाजूला पांढरा डाग होता. पुसून जात नव्हता. मालकांनी कसोटीवर घासून पाहिलं, सोनं चोख. त्यांनी माफी मागून दुसरी अंगठी दिली. ती मामांनी डबीत घालून दिली. तीही परत आली.

मग आणखी कुणाची बांगडी. कुणाचं पदक. हात लावीन तिथं सोनं करणारी माणसं ऐकली होती. आमच्या दुकानात कुणीतरी सोन्याला हात लावून त्याची चांदी करत होतं. धंद्यात चांदी झाली म्हणजे फायदा झाला, असा समज आहे. इथं उलट झालं. रस्त्यापलीकडच्या दुकानदारानं आमच्या गिऱ्हाइकांना 'तुमचं सोनं मोफत तपासून देतो' अशी पाटीच लावली.

मालक सोन्यातच मोठे झालेले, त्यांना पांढरा डाग पाहून एकच गोष्ट सुचली. पारा. पारा सोन्याला खातो, हे त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. आणि दुकानात पाऱ्याची बाटली होती एकाच ठिकाणी, मागच्या खोलीत, सोन्याचा मुलामा चढवणाऱ्या कारागिराकडे. कारागीर म्हणजे साठीला आलेला, खोकणारा, कमी बोलणारा माणूस. तो बाटली पुढे करून म्हणाला, "भरलेली आहे, बघा. मी झाकणसुद्धा काढलं नाही." मालकांनी बाटली कपाटात बंद केली आणि कारागिराला सांगितलं, बोलावेपर्यंत येऊ नका. मामा तिथंच उभे होते. ते म्हणाले, "निष्काळजीपणा म्हणजे निष्काळजीपणा." आपण असं बोललो याचं पुढे त्यांना सगळ्यात जास्त वाईट वाटलं, पण त्या दिवशी ते अगदी मनापासून बोलले होते.

कारागीर गेला आणि डाग पडतच राहिले.

मामांच्या स्वतःच्या बोटात लग्नातली अंगठी होती. ती एका कडेनं पांढरी होऊ लागली होती. नंतर मामांनीच मला सांगितलं, त्यांना ते दिसलं होतं. चिकटपट्टीवरची ती ओळही आठवली होती. पण पुढच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला काही गोष्टी कळून घ्यायच्या नसतात. त्यांनी अंगठी काढून खिशात ठेवली आणि मामींना सांगितलं, बोट सुजलंय. त्या घरात सुजेवर आता कुणी शंका घेत नव्हतं.

शेवटी मालकांनी एका सकाळी दुकान बंद ठेवून आम्हां सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात सोन्याचा एकेक पातळ तुकडा दिला. "चोळत बसा," म्हणाले. आम्ही चोळत बसलो. एवढी माणसं गंभीर चेहऱ्यानं सोनं कुरवाळत बसलेली मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिली नाहीत. चहाच्या वेळेला त्यांनी तुकडे तपासले. माझा पिवळाच होता. माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत तर कारण लगेच कळेल. मामांच्या तुकड्यावर मात्र पांढरी साय आली होती.

"मामा, तुम्ही?" मालक म्हणाले.

"मी काहीच केलं नाही."

"हाताला काय लावता?"

"साबण."

मालक पुढचा तुकडा उलटवून बघायला लागले आणि थांबले. तोही पांढरा पडत होता. तो भाच्याचा होता.

भाच्यानं आधी छताकडे पाहिलं, मग मामांकडे. "सोनेरी झाकणाची का?" त्यानं विचारलं.

मामांनी मान डोलावली.

"मी कॉलेजपासून लावतो," भाचा म्हणाला.

मालकांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. ज्या गोरेपणाला त्यांनी दिव्यांखाली उभं केलं होतं तोही डबीतलाच निघाला. मग त्यांनी कारागिराला बोलावून घेतलं. त्यानं दोन्ही तुकडे बघितले, आम्हांला बाहेर जायला सांगितलं, नाकाला फडकं बांधून, खिडकीशी धरून ते तापवले, आणि पुन्हा पिवळे करून मालकांच्या हातात दिले. "पाराच," एवढंच म्हणाला.

मालकांनी मामांना त्याच दुपारी मोठ्या इस्पितळात पाठवलं. माणुसकी होतीच, शिवाय बाहेर बोभाटा झाला तर काय, याची काळजीही होती. सोबत मामी गेल्या. मामांनी डबी रुमालात गुंडाळून घेतली होती, आणि ती रुमालात का आहे हे मामींना रिक्षातच सांगावं लागलं. मामी संपूर्ण रस्ता रिक्षाबाहेर बघत होत्या.

तिथली डॉक्टर तरुण होती, मामांच्या मुलीच्या वयाची. तिनं डबी उघडली, वास न घेता बंद केली, हातमोजे बदलले. मामांचे थरथरणारे हात बघितले. मग तिची नजर शेजारी बसलेल्या मामींच्या पायांवर गेली.

"तुम्हीही लावता का, आजी?"

"मी कशाला लावू? मला आजच कळलं, घरात असं काही आहे म्हणून."

"पायांवर सूज कधीपासून आहे? लघवीला फेस येतो का?"

मामींनी मामांकडे पाहिलं. मग हळू आवाजात, "येतो," म्हणाल्या.

दोघांचे रक्त-लघवीचे नमुने गेले. अहवाल आले तेव्हा डॉक्टरनं दोन्ही कागद शेजारी ठेवून समजावून सांगितलं. क्रीममध्ये पारा होता. तो कातडीतून रक्तात जातो, मेंदूला चिडचिड आणि थरथर देतो, मूत्रपिंडं नासवतो. मामांच्या अंगात पुष्कळ होता. मामींच्या अंगात त्यांच्याहून कमी होता, पण त्यांची मूत्रपिंडं जास्त दुखावली होती. "टॉवेल एकच ना? उशीचे अभ्रे कोण धुतं? तिथून गेला."

मामींना ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्या मामांना म्हणाल्या, "लावलं तुम्ही, आणि सुजले मी." आणि थोड्या वेळानं, "आणि गोरेपणा तर माझ्या वाट्याला तेवढाही आला नाही."

डॉक्टरला हसू आलं, ते तिनं आवरलं. "घरात लहान मूल आहे का?" तिनं विचारलं.

मामांचा चेहरा तेव्हा खरंच पांढरा पडला, असं मामी सांगतात. मुलगी गेल्याच महिन्यात माहेरी राहून गेली होती. नात दात येणारी. दिवसभर आजोबांच्या कडेवर, त्यांच्या गालाला गाल लावून, त्यांची बोटं चावत. मामा उठून खोलीबाहेर गेले आणि जिन्यात बसले. मामींनीच मुलीला फोन केला. नातीची तपासणी झाली. थोडा अंश निघाला, काळजी करण्याइतका नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तो निरोप येईपर्यंत मामा जेवले नाहीत, आणि मामींनी त्यांना जेवा म्हणून म्हटलंही नाही.

औषधं सुरू झाली. आणखी एक काम होतं. उशा, टॉवेल, अभ्रे प्लास्टिकमध्ये बांधून टाकायचे, आणि नेहमीच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत, असं डॉक्टरनं बजावलं होतं. मामा ते गाठोडं घेऊन शहराच्या कचेरीत गेले. मीही सोबत होतो. 'घातक कचरा' अशी पाटी असलेल्या खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "आत काय आहे?"

"उशा."

"उशा घातक नसतात."

"यांच्यात पारा आहे."

"पारा असेल तर बाटलीत आणा. उशीत आम्ही घेत नाही."

मामांनी अहवाल दाखवला. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "हा तर तुमच्या लघवीचा आहे. उशीचा अहवाल कुठाय?" शेवटी इस्पितळातल्याच एका माणसानं ते गाठोडं ठेवून घेतलं. नाहीतर मामा आजही ते घेऊन फिरत असते.

डॉक्टरनं वर कळवल्यामुळे तपासनीस सलूनमध्येही गेले. जाण्याच्या आधी निरोप गेला असावा, कारण तिथं त्यांना कंगवे आणि कात्र्या सापडल्या. मामा स्वतः गेले तेव्हा सलूनवाल्यानं त्यांना खुर्ची दिली. "मी काय बळजबरी केली का, मामा? लोक मागतात, मी देतो."

"तू स्वतः लावतोस?"

"छे. मला नाही चालत. कातडी नाजूक आहे माझी." खणात आता नव्या डब्या होत्या. झाकण रुपेरी, आणि चिकटपट्टीवर एक ओळ वाढलेली: यात पारा नाही. बनवणाऱ्याचं नाव तरीही नव्हतं. मामांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र, मामांना पहिल्याच दिवशी बघून आपल्याला संशय आला होता, असं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. त्यांच्या बोटातली सोन्याची अंगठी बरेच दिवस दिसली नाही.

क्रीम थांबल्यावर मामांचा रंग परत आला, आणि व्याजासकट आला. गालांवर आधीपेक्षा गडद चट्टे उठले. हातांची थरथर हळूहळू कमी झाली, चिडचिडही. मामींची सूज उतरायला जास्त काळ लागला. अजून त्यांना तपासणीला जावं लागतं, आणि दर वेळी मामा सोबत जातात. जाताना त्या त्यांना काहीबाही बोलत असतात, ते ऐकून घेत असतात.

कारागिराची माफी मागायला मामा त्याच्या घरी गेले होते. तो म्हणाला, "राहू दे. माझ्या बाटलीला मालकांनी कुलूप लावलं. तुमच्या डबीला कोण लावणार होतं?" मामांनी त्यालाही तपासून घ्यायला सांगितलं, जन्मभर पाऱ्याची वाफ घेत आलेला माणूस. तो म्हणाला, "कळलं तर काम सोडावं लागेल." आणि तो खोकत आत गेला.

मालकांनी कर्मचाऱ्यांसाठी सूचना लावली: चेहऱ्याला काहीही लावून कामावर येऊ नये. दिवे तेच राहिले. भाच्याचाही खरा रंग बाहेर आला, तेव्हा त्याला वर हिशेबाला बसवलं, आणि पुढे कुणीतरी नवीन आलं. मामा पुन्हा जिन्याखाली गेले. या वेळी स्वतःहून मागून घेतलं त्यांनी.

जुनं सोनं मोडायला आलेल्या एका बाईंची अंगठी परवा त्यांनी हातात घेतली, तर कडेला पांढरट होती. मामांनी ती वजनकाट्यावर ठेवली नाही. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चांगल्या गोऱ्या होत्या.

"बाई, राग मानू नका. चेहऱ्याला काय लावता?"

बाईंनी राग मानला. त्या मालकांकडे गेल्या आणि, दुकानातला म्हातारा गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर शेरे मारतो, अशी तक्रार करून, अंगठी घेऊन चालत्या झाल्या. मालक जिन्याखाली आले आणि मामांना बरंच बोलले. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मालक वर गेले, तेव्हा ते माझ्या खोक्याशी येऊन म्हणाले, "माझं विचारणं चुकलं. आधी बसायला द्यायला हवं होतं. पाणी विचारायला हवं होतं. मग हळूच."

"परत विचारणार?" मी म्हटलं.

"विचारायला काय जातं," मामा म्हणाले. "उत्तर द्यायची सक्ती थोडीच आहे."